पाणी, वाळू आणि मधली दोन मिनिटं: पहिल्या अ‍ॅक्वाथलॉनच्या नोंदी

२७ ऑक्टोबर २०२४, रविवार

आज नाव नोंदवलं. ९ फेब्रुवारीला सिंधुदुर्गातल्या एका किनाऱ्यावर शर्यत आहे. आधी समुद्रात १ किलोमीटर पोहायचं, मग तसंच बाहेर येऊन वाळूवर ५ किलोमीटर धावायचं. हातात बरोबर पंधरा आठवडे आहेत.

याला अ‍ॅक्वाथलॉन म्हणतात. ट्रायथलॉनमधून सायकल काढली की उरतं ते. काही ठिकाणी अडीच किलोमीटर धावणं, एक किलोमीटर पोहणं आणि पुन्हा अडीच धावणं असाही क्रम असतो. आमच्या शर्यतीत पोहणं आधी. स्वीडनमध्ये याचा थोरला भाऊ आहे, स्विमरन. २००२ साली चार मित्रांनी लावलेल्या पैजेतून तो निघाला आणि २००६ पासून त्याची रीतसर शर्यत होते. त्यात जोडीने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं असतं आणि पोहतानाही पायांत बूट असतात. ते वाचून दोन रात्री झोप लागली नव्हती, इतकं आवडलं. पण सुरुवात एक किलोमीटरपासून.

आजची स्थिती लिहून ठेवते, म्हणजे पुढे ताडून बघता येईल. वय ३९. चार वर्षं धावते आहे, रस्त्यावर ५ किलोमीटरला ३० मिनिटं लागतात. पोहायला गावच्या विहिरीत शिकले. आबांनी कमरेला सुका भोपळा बांधून ढकललं होतं, तेव्हा दहा वर्षांची होते. मी पोहते ते मान वर काढून, कारण विहिरीत वरून कोण उडी टाकतंय यावर लक्ष ठेवावंच लागायचं. या पद्धतीने मी किती लांब जाऊ शकते, हे आजवर कधी मोजलेलं नाही.

३ नोव्हेंबर, रविवार

भाऊबीज. दादाने ओवाळणीत पोहायचा गॉगल घातला. पारदर्शक काचेचा, चांगल्यापैकी महाग. मी हे कुणाला फारसं सांगितलं नव्हतं, वहिनीकडून त्याला कळलं असणार. ताटात गॉगल बघून डोळ्यांत पाणी आलं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

तलावावर पहिला दिवस. तलाव म्हणजे जलतरण तलाव, पंचवीस मीटरचा. एक किलोमीटर म्हणजे चाळीस लांब्या. आज सलग दोन झाल्या. पन्नास मीटरला कठडा धरून उभी राहिले तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. पाच किलोमीटर पळणारी बाई पन्नास मीटरला दमते, म्हणजे दम कमी नाही, दुसरंच काहीतरी चुकतंय.

सरांनी काठावरून दोन लांब्या बघितल्या आणि एवढंच म्हणाले, “ताई, श्वास घेताय भरपूर. सोडताय कुठं?”

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सोळा दिवस त्या एका वाक्यावर गेले, आणि मला ते सगळ्यात मोलाचे वाटतात.

मी पाण्यात तोंड घातलं की श्वास धरून ठेवत होते. तोंड बाहेर आलं की त्या पाव सेकंदात सोडायचाही आणि घ्यायचाही, असं चाललं होतं. गुदमरल्याची भावना प्राणवायू संपल्याने येत नाही, आत कार्बन डायऑक्साइड साठल्याने येते. म्हणून आणखी मोठा श्वास घेऊन काही उपयोग होत नव्हता. आतला आधी बाहेर जायला हवा.

सरांनी पोहणं बंदच केलं. उथळ बाजूला कंबरभर पाण्यात उभं राहायचं, तोंड बुडवायचं, नाकातोंडातून बुडबुडे सोडत राहायचं, वर येऊन नुसता छोटा श्वास घ्यायचा, पुन्हा बुडायचं. रोज पन्नास वेळा. शेजारी सहा-सात वर्षांची पोरं हेच करत होती. चौथ्या दिवशी त्यातली एक मुलगी मला म्हणाली, “मावशी, गुणगुणायचं आत. मग आपोआप सुटतो.” खरंच सुटतो. पाण्याखाली एक लांबलचक ‘हूं’ धरला की श्वास अडवताच येत नाही. मी ती युक्ती आजही वापरते.

दुसरी चूक मानेची. मान वर आली की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग आपण पाण्यातून आडवे न जाता स्वतःला तिरकं ओढत नेतो. विहिरीतली सवय मोडायला नजर तळाच्या काळ्या पट्टीवर ठेवायची. आज सलग दोनशे मीटर. धाप लागली, पण घाबरायला झालं नाही.

८ डिसेंबर, रविवार

सलग ४०० मीटर. ३५० ला उजव्या पोटरीत गोळा आला. धावणाऱ्यांचे घोटे ताठ असतात, पाण्यात पंजा मागे सोडायची त्यांना सवय नसते. मी जोर लावून पंजा ताणत होते, त्याने पोटरी आवळली. सर म्हणाले, पाय मारू नका, नुसते मागून येऊ द्या. रोज रात्री टाचांवर बसून घोटे सैल करायचे, पाच मिनिटं. वज्रासनच ते.

२२ डिसेंबर, रविवार

पहिल्यांदा उघड्या पाण्यात. कोल्हापूरचा राजाराम तलाव, सकाळी सात. आम्ही पाच जण, प्रत्येकाच्या कमरेला नारिंगी फुगा, आणि काठावर एक जण नुसता बघायला. एकट्याने उतरायचं नाही हा नियम मला कुणी सांगावा लागला नाही. विहिरीचं पाणी बघितलेल्या माणसाला ते माहीत असतं.

तळाला काळी पट्टी नाही. तळच दिसत नाही. हिरवट अंधार आणि आपले हात. साठ-सत्तर मीटर मी सरळ जातेय असं समजत होते आणि मान वर काढली तर काठ डावीकडे आलेला. दिशा बघायची रीत अशी: डोकं पूर्ण काढायचं नाही, मगर दाखवते तेवढेच डोळे पाण्यावर काढायचे, समोरची खूण टिपायची आणि मग बाजूला वळून श्वास घ्यायचा. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला मगर म्हटलं की जास्त सांगावं लागत नाही. दर आठ हातांनी एकदा. आधी मी दर तीन हातांनी बघत होते आणि मान दुखवून घेतली.

४ जानेवारी २०२५, शनिवार

आठवडाभर सर्दी. पाणी नाही, धावणं नाही.

१२ जानेवारी, रविवार

आज पहिल्यांदा दोन्ही एकामागे एक. ६०० मीटर पोहणं, बूट घालायचे आणि लगेच तीन किलोमीटर धावायचं.

काठाला लागून उभी राहिले आणि जग एकदा डावीकडे कलंडलं. झाडाला धरून उभी राहिले. पाय आहेत पण आपले नाहीत, असं वाटत होतं. पोहताना शरीर आडवं असतं आणि पाण्याचा दाब चहूबाजूंनी आधार देतो, त्यामुळे रक्त सहज वर येतं. एकदम उभं राहिलं की ते पायांकडे उतरतं आणि हृदयाला नव्याने हिशेब बसवावा लागतो. शिवाय इतका वेळ काम हात-खांद्यांनी केलेलं असतं, पाय झोपलेले असतात. उपाय सरांनी सांगितला. शेवटच्या पन्नास मीटरला पाय जोरात मारायला लागायचं, म्हणजे पायांना आधीच निरोप जातो. आणि पाणी मांडीपर्यंत आल्यावर उभं राहायचं, ताडकन नाही, दोन पावलं वाकून.

धावण्यातली गंमत वेगळीच. पहिला किलोमीटर मला रांगल्यासारखा वाटला. घड्याळ बघितलं तर ५:२०, माझ्या नेहमीच्या वेगापेक्षा चाळीस सेकंद जलद. पोहून आल्यावर वेगाचा अंदाज पार जातो. तिसरा किलोमीटर ७:१०.

हा सराव दर आठवड्याला करायचा असं ठरवलं आहे.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून तलावावर. एक किलोमीटर सलग, २७ मिनिटं ५० सेकंद. चाळिसावी लांबी संपली तेव्हा सरांनी काठावरून हात दिला. नोव्हेंबरमध्ये दोन लांब्या होत्या.

जोडसराव मात्र त्यानंतर एकदाच झाला, गेल्या रविवारी, तोही थंडी वाजली म्हणून मध्ये पंधरा मिनिटं चहा घेऊन. तो धरायचा की नाही, माझं मलाच कळत नाही.

८ फेब्रुवारी, शनिवार

राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली आणि मग किनारा. दुपारी पोचलो. मी आणि वहिनी. संध्याकाळी वाळूवर दोन किलोमीटर हळू पळून बघितलं. ओली वाळू घट्ट, रस्त्यासारखी. मनात म्हटलं, उद्या धावणं तरी सोपं आहे.

ज्यांच्याकडे उतरलो ते आजोबा पूर्वी होडीवर जायचे. अंगणात जाळं सांधत बसले होते. मी उद्याचं सांगितलं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तिथीचा. “उद्या बारस ना? मगे बारा पाऊण नऊ. नऊ वाजता भरती भरतली.” मी बघत राहिले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हा त्यांचा हिशेब. पाऊणकी मी चौथीत पाठ केली होती, तिचा समुद्राशी संबंध आहे हे आज कळलं. पौर्णिमा चार दिवसांवर, म्हणजे समुद्र उधाणाकडे चाललेला. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, “तू धावतलंस खंय गो?”

मी म्हटलं, वाळूवर. ते नुसते हसले आणि जाळ्याकडे वळले. त्यांचा प्रश्न मी त्या वेळी नीट ऐकला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

एकूण १ तास ८ मिनिटं ४० सेकंद. पोहणं ३१:४०, मधला बदल २:५०, धावणं ३४:१०. आता सविस्तर.

सव्वासातला शिटी. साठ-सत्तर जण एकदम पाण्यात. पाणी कोमट, त्यामुळे थंडीचा प्रश्नच नव्हता. पण पहिल्या लाटेला मी श्वास घ्यायला वळले आणि तोंडात खारट पाण्याचा घोट गेला. तेवढ्यात कुणाचा तरी पाय खांद्यावर लागला. छाती आवळली. पंधरा आठवड्यांत शिकलेलं सगळं त्या क्षणी गेलं आणि मी विहिरीतल्यासारखी मान वर काढून हात मारू लागले. शंभर मीटरही झाले नव्हते. जवळच्या होडीतल्या माणसाने हाक मारून विचारलं, हात देऊ का? होडीला धरून थांबायला परवानगी असते, फक्त तिने पुढे न्यायचं नसतं. मी नको म्हटलं आणि पाठीवर उलटी झाले.

वर आभाळ फिकट गुलाबी होतं. कानात पाणी, त्यामुळे आवाज बंद. खाऱ्या पाण्याने मला उचलून धरलं होतं, तलावापेक्षा कितीतरी हलकं. मी ‘हूं’ सुरू केला. दहा वेळा. मग पालथी झाले आणि घोळका पुढे निघून गेला होता, माझ्याभोवती रिकामं पाणी. तिथून पहिल्या बोयापर्यंतचं (बोया म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण) पोहणं हे या सगळ्या काळातलं माझं सर्वांत चांगलं पोहणं होतं. आठ हात, मगर, आठ हात, मगर.

परतीला घोळ झाला. आपला किनारा पश्चिमेचा. जाताना तोंड समुद्राकडे, उजेड पाठीमागे, बोया स्वच्छ दिसत होता. दुसरा बोया वळून किनाऱ्याकडे तोंड केलं आणि माडांच्या शेंड्यांतून नुकता वर आलेला सूर्य थेट गॉगलमध्ये. पारदर्शक काच. समोर नुसता पांढरा भडका. बाहेर पडायची कमान पिवळी होती, ती दिसेचना. मी लोकांच्या मागे गेले आणि ते लोक माझ्याइतकेच चुकलेले होते. घड्याळात अंतर ११४० मीटर आलं, म्हणजे एकशे चाळीस मीटर फुकट.

शेवटी पाय मारायला विसरले नाही. उभी राहिले, कलंडले नाही.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर धावायची तयारी करायच्या जागी, कोरडा टी-शर्ट ठेवला होता. नंबर त्याला टाचलेला. पोहायच्या पोशाखात सगळ्यांसमोर पाच किलोमीटर धावायचा संकोच होता, हे खरं कारण. ओल्या अंगावर कोरडा सुती टी-शर्ट चढत नाही. खांद्यांखाली त्याची दोरीसारखी गुंडाळी झाली, एक हात आत अडकला, टाचणी उघडून दंडाला टोचली, आणि ओढावं तितकं कापड चिकटत जाई. पलीकडे नंबर लिहून घेणारी एक बाई शांतपणे म्हणाली, “आधी दोन्ही हात, मग डोकं.” मी सगळा टी-शर्ट काढला, पुन्हा पहिल्यापासून घातला, तेव्हा बसला. सॉक्स घालायचे सोडून दिले. पाय वाळूने माखलेले, तसेच बुटात.

धावण्याच्या दोन फेऱ्या, अडीच-अडीच किलोमीटरच्या. पहिली १५:४०. ओल्या पट्टीवरून, लाटेच्या कडेने, एकदा तर कुणाशी तरी बोलतही गेले. वळसा घालून दुसरी फेरी सुरू केली तेव्हा आठ वाजून गेले होते. ती पट्टी नव्हती. जिथून मी पंधरा-सोळा मिनिटांपूर्वी पळाले होते तिथे घोटाभर पाणी होतं. भरती भरत आलेली. उरली ती वरची कोरडी, भुसभुशीत वाळू, पाऊल टाकलं की टाच आत आणि रेटा वाया. आजोबांचा प्रश्न तेव्हा कळला. दुसरी फेरी १८:३०. मध्ये दोनदा चालले.

कमानीशी वहिनी उभी होती, हातात शहाळं. ती काही बोलली नाही, मला धरून उभी राहिली. नंतर बघितलं तर तिच्या साडीचा खांदा माझ्या केसांनी भिजला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

मान आणि काख मिठाने सोलवटली आहे, आंघोळीचं पाणी लागताच जीव गेला. व्हॅसलीन फक्त मानेला लावलं होतं, तेही कमी. डाव्या टाचेला फोड, वाळूचा. पोटऱ्या दगड.

निघताना आजोबांना नमस्कार केला. दुसऱ्या फेरीचं सांगितलं. म्हणाले, “सुक्या वाळूत पाय रुततत. पंचमी-सष्टीक ये, तेव्हा सकाळी समुद्र मागे असता.” पंचमीची पाऊणपट पावणेचार, षष्ठीची साडेचार. भरती पहाटे, म्हणजे सकाळी ओहोटी. एसटी स्टँडपर्यंत मी सगळ्या तिथींचा हिशेब करत गेले.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आठवडाभर नोंदी पुन्हा वाचल्या. माझं पोहणं तयार होतं. माझं धावणं तयार होतं. वेळ गेला तो या दोघांच्या जोडावर, आणि जागेची माहिती नसल्यामुळे. शंभर दिवसांत जोडसराव दोनदा, त्यातला एक चहाचा.

म्हणून यापुढे आठवड्यातून एकदा जोड, अंतर थोडं असलं तरी चालेल. ४०० मीटर आणि दीड किलोमीटरसुद्धा पुरे, पण मध्ये थांबायचं नाही. पहिला किलोमीटर मुद्दाम साडेसहाचा, घड्याळ बघून, कारण तेव्हा अंगावर विश्वास ठेवता येत नाही. शर्यतीआधी दहा मिनिटं पाण्यात उतरून तोंड भिजवून घ्यायचं आणि शिटीला कडेला उभं राहायचं, मधोमध नाही. माझी भीती समुद्राची नव्हती, गर्दीत अचानक सुरू होण्याची होती. पुढच्या वेळी तलावात आम्ही पाचही जणांनी मुद्दाम एकमेकांना खेटून पोहायचं ठरवलं आहे.

कमान बघायची नाही, कमानीमागची उंच खूण आदल्या दिवशी हेरून ठेवायची: मोबाइलचा टॉवर, देवळाचा कळस, एकटा माड. त्याच वेळी, त्याच उजेडात. गडद काचेचा गॉगल वेगळा घेतला. दादाचा तलावासाठी राहील.

टी-शर्ट बाद. गुडघ्यापर्यंतचा घट्ट पोशाख आहे, त्यावरच धावेन आणि नंबर कमरेच्या पट्ट्याला लावेन. संकोचाबद्दल एवढंच लिहिते: पाण्यातून येणाऱ्या माणसाकडे किनाऱ्यावर कुणी तसं बघत नव्हतं. सगळे टाळ्या वाजवत होते. बुटांना ओढून घट्ट होणारी रबरी नाडी, सॉक्स गुंडाळून आत टाल्कम पावडर, पाय धुवायला एक बाटली पाणी. घराच्या पायरीवर सहा वेळा करून बघितलं, ओल्या अंगाने. शेवटचा बदल ५५ सेकंद.

२ मार्च, रविवार

कोल्हापुरात समुद्राची वाळू नाही. गावाकडे ऊस गेलेला आहे, आणि दादाने कालच रोटर मारलेलं रान मोकळं होतं. भुसभुशीत, ढेकूळ नसलेलं. बांधाबांधाने चार फेऱ्या मारल्या. लांब ढांगा टाकल्या की पाय रुततो, आखूड आणि भरभर पावलं टाकली की वर राहतो. टाच आधी टेकू द्यायची नाही. दादा बांधावर उभा राहून बघत होता. “अगं, पाय मुरगळून घेशील,” म्हणाला, आणि चौथ्या फेरीला चप्पल काढून स्वतःच सोबत आला.

नंतर विहिरीवर गेलो. पाणी खाली गेलंय, तरी पोहण्यापुरतं आहे. आबा पायरीवर बसले. मी तोंड पाण्यात घालून चार वेळा इकडून तिकडे केलं. वर आल्यावर त्यांनी विचारलं, “मान कुठं गेली तुझी?” मी दाखवलं त्यांना, पाण्याखाली ‘हूं’ कसा करायचा ते. त्यांनी पायरीवर बसूनच गाल फुगवून करून बघितलं.

१६ मार्च, रविवार

राजाराम तलाव, ६०० मीटर, बदल १:०५, लगेच तीन किलोमीटर. पहिला ६:३२, दुसरा ६:१०, तिसरा ५:५८. चक्कर नाही. पुढच्या रविवारी ८०० आणि चार.